शेताचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक



व्याख्यानमालेत शेतीवर बोलायला कुणी उभा राहिला की श्रोत्यांना दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक, हा आकडे वाचीत बसेल. दुसरी, हा शेतकऱ्याच्या नावाने गहिवरून येईल. यातली पहिली गोष्ट आमच्या हातून थोडीफार होणारच आहे. दुसरी शक्य तितकी टाळू.

विषय असा आहे : नंदुरबार जिल्ह्यातल्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने आपली पिके कशी आखली, म्हणजे त्याचे उत्पन्न वाढेल आणि त्याचे मूल कामातून सुटून शाळेत बसेल? या वाक्यातल्या ‘आणि’ या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे अशी विनंती आहे. घरात पैसा आला की मूल आपोआप शाळेत जाते असे आपण शहरातली माणसे धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आजचा तास खर्च करायचा आहे.

नंदुरबार हा जिल्हा धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. जुन्या पश्चिम खानदेशाचाच तो तुकडा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. मधून तापी वाहते, तिच्या दोन्ही अंगांना काळी सपाट जमीन. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी नर्मदा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यांत दहातले सात आदिवासी : भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे होती, नंदुरबारची ६४ च्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी.

एकाच जिल्ह्यात दोन शेती आहेत. शहाद्याच्या सपाटीवर पपई, केळी, ऊस, कापूस. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे ढीग आणि गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या. सातपुड्याच्या उतारावर ज्वारी, मका, भगर, उडीद, तूर. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, पण ते पाणी डोंगर चढून जात नाही. डोंगरावर पाऊस सपाटीपेक्षा अधिक पडतो आणि पौषात प्यायला पाणी नसते, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटते. उतार उघडा पडला की पाऊस कितीही पडो, तो तापीचा किंवा नर्मदेचा होतो, शेताचा होत नाही.

आता एका वर्षाचा हिशेब पाहू. ज्येष्ठात पेरणी होते. आषाढात निंदणी सुरू झाली की घरातली मोठी माणसे दिवसभर शेतात, आणि धाकटे मूल सांभाळायला घरात कोण? आठ-नऊ वर्षांची मोठी मुलगी. शेते हिरवी झाली की गुरे-शेळ्या त्यांत शिरू नयेत म्हणून त्यांच्यामागे कोण? तिचा भाऊ. कणसात दाणा भरला की पाखरे राखायला माळ्यावर गोफण घेऊन पुन्हा तोच. ही झाली घरची कामे. पण खरी गाठ श्रावण-भाद्रपदात आहे. गेल्या वर्षीचे धान्य संपलेले असते, नवे यायला दोन महिने अवकाश असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावात मुकादम येतो. तो उचल देतो. ती उचल घेतली की दिवाळीनंतर कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणे भाग असते.

बारडोलीच्या आसपासच्या सहकारी साखर कारखान्यांना तोडीसाठी खानदेशातली माणसे नेण्याची ही रीत जुनी आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तिचा बारकाईने अभ्यास केला. त्याने दाखविले की तिथे मजूर मोजीत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. एक कोयता म्हणजे पुरुष, बाई आणि पुष्कळदा तिसरे एक पोर. पुरुष तोडतो, बाई आणि पोर पाचट काढतात, मोळी बांधतात, वाहून नेतात. हंगामात पोटापुरती खावटी मिळते, तीही हिशेबात वळती होते, आणि उचल फिटून काय उरते ते निघताना कळते. मजुरी टनावर असल्यामुळे पोराचा हात वजनात दिसतो, पण कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही. म्हणूनच कायद्याच्या डोळ्यालाही तो सहसा दिसत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी झाली. शाळा सांभाळून घरच्या कामाला हातभार ही सवलत राहिली. ऊस हे काही त्या मुलाच्या घरचे काम नव्हे. पण ज्याला कुणी कामावर ठेवलेलेच नाही, त्याच्याबद्दल दाद कुणाविरुद्ध मागायची?

शाळा जूनमध्ये उघडते आणि एप्रिलमध्ये परीक्षा. मूल कार्तिकात जाते आणि होळीला परतते. सातपुड्यात काठीची राजवाडी होळी ही मोठी होळी, तिच्यासाठी लोक असतील तिथून येतात. तोपर्यंत वर्गात चार-पाच महिन्यांचा अभ्यास पुढे गेलेला असतो. असे एक वर्ष निभते. दोन-तीन वर्षे झाली की मास्तर नाव पटावर ठेवतात आणि मूल शाळेतून गेलेले असते.

यावर सक्तीचे शिक्षण हा उपाय आपल्याकडे फार पूर्वी सांगितला गेला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे निवेदन दिले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते केले, आणि मूल न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. इंग्लंडातही पूर्वेकडच्या परगण्यांत मुलांच्या टोळ्या ठेकेदाराच्या हाताखाली शेतोशेती फिरत. १८६७ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलाला टोळीत घेण्यास बंदी झाली, सक्तीचे शिक्षण १८८० साली आले. सक्तीवाचून कुठेही काम भागलेले नाही, हे आम्हांला मान्य आहे. मायरन वीनर या अमेरिकन पंडिताने १९९१ साली भारतावर पुस्तक लिहून हेच बजावले की गरिबीची सबब पुढे करू नका, राज्याने सक्ती केली नाही हे मूळ कारण. तो बरोबर आहे. पण तो ऊसतोडीच्या गावाला पुरत नाही. दंडाच्या भीतीने बाप मूल शाळेत पाठवील. पण गावच बारडोलीला गेले असेल तर मूल राहील कुणापाशी? आजीपाशी राहते, हंगामी वसतिगृह असले तर तिथे राहते, आणि ही सोय चांगलीच आहे. तरी आई पाच महिने परक्या मुलखात आणि मूल इथे, ही व्यवस्था आपल्यापैकी कुणी आपल्या घरासाठी पत्करणार नाही.

तेव्हा प्रश्न उलटा धरावा लागतो : गाव दिवाळीनंतर घरी कसे राहील?

आणि इथे तो ‘आणि’ अडवितो. उत्पन्न वाढवा म्हटले की कुणीही सल्लागार सांगेल, कापूस लावा, मिरची लावा. ठीक. एक एकर कापूस सहा क्विंटल आला असे धरू, आणि एक माणूस दिवसाला २५ किलो वेचतो असे धरू. चोवीस माणसांचे दिवस झाले. हे दिवस एकदम येत नाहीत. बोंडे फुटतील तसे दोन-तीन वेच्यांत येतात, आणि त्याच वेळी ज्वारी कापणीला आलेली असते. मिरचीचे तोडे तर याहून अधिक. झाड पोराच्या उंचीचे, बोटे लहान, मजुराला पैसे नाहीत. मग शाळेच्या दारातून पोर कुठे वळते हे सांगायला नको. उत्पन्न वाढले खरे, पण ते पोराने वाढविले.

ही आमची कल्पना नव्हे. सोनिया भलोत्रा आणि ख्रिस्तोफर हेडी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी घाना व पाकिस्तान येथील ग्रामीण पाहण्या तपासून २००३ साली दाखविले की जमीन अधिक असलेल्या घरांतली मुले, विशेषतः मुली, भूमिहीनांच्या मुलांपेक्षा पुष्कळदा अधिक राबतात. जमीन आहे, तिला हात हवेत, मजुरांचा बाजार नीट चालत नाही. मग घरचेच हात. विहीर झाली, दुसरे पीक आले, आणि पाणी वळवायला मुलाला शाळेतून बोलावले, हे दृश्य आपल्याकडेही अपरिचित नाही. २०२४ च्या जागतिक अंदाजात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले कामावर होती, त्यांतली ६१ टक्के शेतीत होती. कारखान्यातली आणि हॉटेलातली मुले आपल्या नजरेत येतात म्हणून आपण त्यांच्यावर बोलतो.

म्हणजे पिकाची निवड करताना एकरी रुपये एवढा एकच रकाना पुरत नाही. आणखी दोन रकाने हवेत : पैसा कोणत्या महिन्यात येतो, आणि हात कोणत्या महिन्यात लागतात, कुणाचे. एवढे दोन रकाने आखले की पिकांची किंमत बदलते. आम्ही उदाहरण घेतो ते तीन एकरांचे, आणि त्यातले उताराचे आकडे मुद्दाम हात राखून धरलेले आहेत.

अर्ध्या एकरात मूग, उतारावर असेल तर उडीद. साठ-सत्तर दिवसांचे पीक. जूनच्या अखेरीस पेरले तर ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या आरंभी घरात येते. बाजाराच्या दृष्टीने हे किरकोळ पीक आहे. अर्ध्या एकरात क्विंटलभर निघाले, तर २०२५-२६ च्या खरिपाच्या हमीभावाने ८७६८ रुपये. पण हे रुपये मुकादमाच्या रुपयांच्या सोबतीने, कधी त्यांच्या आधी घरात येतात. मार्गशीर्षात आलेले पंधरा हजार आणि भाद्रपदात आलेले साडेआठ हजार यांची तुलना वजनकाट्यावर होत नाही. भाद्रपदातले पैसे उचल वाचवितात. इथे एक खुलासा करायला हवा. उचल दोन तऱ्हेची असते. एक पोटाची : धान्य, औषध, खत. दुसरी लग्नाची, आदिवासींत वरपक्षाला देज द्यावे लागते, आणि ती रक्कम मोठी असते. मूग पोटाची उचल अडवील, लग्नाची अडविणार नाही. त्यासाठी बायकांच्या बचतगटाचे कर्ज, आणि समाजाने देज आवरणे, हेच मार्ग आहेत. शेतीच्या माथी सगळेच मारणे बरे नव्हे.

मूग निघाला की तेच रान ऑक्टोबरात हरभऱ्याला मोकळे. जमिनीत ओल असते, मुगाच्या मुळांनी नत्र सोडलेले असते. एक संरक्षक पाणी मिळाले तर अर्ध्या एकरात दोन क्विंटल धरायला हरकत नाही. ५८७५ या हमीभावाने ११,७५० रुपये. पण रुपयांपेक्षा महत्त्वाचे हे की हरभरा माणसाला घरी ठेवतो. कार्तिक ते माघ, म्हणजे बरोबर ऊसतोडीचे महिने, शेतात काहीतरी उभे असते.

एक एकर ज्वारीत तुरीच्या ओळी. ज्वारी खायला आणि गुरांना, तूर विकायला. तूर जानेवारीत येते. एकरात आंतरपीक म्हणून दोन क्विंटल धरली तर ८००० च्या हमीभावाने १६,००० रुपये. नवापूरच्या तुरीच्या डाळीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, तिची चव खानदेशात प्रसिद्ध आहे. अख्खी तूर विकली की हा लौकिक व्यापाऱ्याच्या वाट्याला जातो. गावात डाळ भरडून विकली तर काही अंशी शेतकऱ्याच्या. तीन पिकांचे मिळून ३६,५१८ रुपये होतात, खर्च वजा न करता. हमीभावाचे केंद्र दूर, माल पोतेभर, म्हणून गावच्या व्यापाऱ्याला कमी भावाने द्यावा लागतो हे आम्ही जाणतो. दहा घरांनी पोती एकत्र केली तरच केंद्राची वाट परवडते.

राहिले दीड एकर. त्यात घरच्यापुरता मका आणि भगर, घराजवळ चार गुंठे वाल, वांगी, गवार. कापूस लावायचाच तर अर्धा एकर, त्याहून अधिक नाही. नवरा-बायकोच्या दोन जोडी हातांनी जेवढा वेचला जाईल तेवढाच. शहाद्याचा प्रगतिशील बागाईतदार हे ऐकून हसेल. त्याने हसावे, त्याच्या पपईला बाहेरचे मजूर येतात.

इथवर कागद सरळ चालला. आता अडचण येते ती गुरांची. खरीप निघाला की गावची गुरे मोकळी सुटतात ही जुनी चाल आहे, आणि ज्या गावात दिवाळीनंतर शेतात काही नसते तिथे ती चुकीचीही नाही. पण एकट्याने तूर आणि हरभरा ठेवला तर सगळ्या गावाच्या शेळ्या त्याच्याच शेतात. मग राखण हवी, आणि राखणीला पुन्हा पोरच. घराला ऊसतोडीतून सोडवून मुलाला बांधावर बसविले, एवढाच फरक. कृषिखात्याच्या पत्रकात ही गोष्ट सहसा सापडत नाही, पण सगळी योजना हिच्यावर अडते. म्हणून पीकनियोजन एका घराचे होऊच शकत नाही. निदान एका पाड्याचे हवे. सगळ्यांनी रब्बी धरली की गुरे सोडणे सगळ्यांनाच महाग पडते. मग गावाचा एक पगारी गुराखी, मोठा माणूस, सर्वांच्या वर्गणीतून. नर्मदेकाठच्या वस्त्यांत एकमेकांच्या शेतावर फिरून काम करण्याची ‘लाह’ आहे. देशावर आपण इरजिक म्हणतो ती. निंदणी लाहेने झाली तर चार घरांची तान्ही मुले एका म्हातारीजवळ ठेवता येतात, चार मोठ्या मुली त्यांच्यापाशी अडकत नाहीत.

गावाने नियम करून घेतल्याचे उदाहरण शेजारीच आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात बारीपाडा हे कोकणा लोकांचे लहान गाव. १९९० च्या दशकापासून चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने भोवतालचे उजाड डोंगर राखले. कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला, चर खणले, बंधारे घातले. सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले, भात आणि भाजीपाला पिकू लागला, आणि पोटासाठी बाहेर जाणे थांबले. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. आम्हांला त्यातले जंगलापेक्षाही दंडाचे अधिक महत्त्व वाटते : तो गावाने स्वतःवर बसविला होता.

दुसरे उदाहरण नवापूरच्या नैर्ऋत्येस, गुजरातेतल्या वांसद्याचे. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९८२ साली तिथे आदिवासी शेतकऱ्यांची ‘वाडी’ सुरू केली. एकरभर हलकी जमीन, तीत आंबा आणि काजूची कलमे, बांधबंदिस्ती, कलमांच्या मधल्या जागेत धान्य-भाजी, आणि भोवती जिवंत कुंपण. फळ यायला चार-पाच वर्षे लागतात, तोवर मधल्या पिकावर घर चालते. ही पद्धत पुढे महाराष्ट्रातही पसरली. तिच्यातल्या आंब्याचे सगळे कौतुक करतात. आमच्या मते कुंपण तितकेच मोलाचे आहे. कुंपणाच्या शेवरी-गिरिपुष्पाचा पाला शेळ्यांना घरी मिळाला, तर त्यांच्यामागे रानात फिरणारे पोर मोकळे होते.

आंब्यावरून आमचूर आठवला. अक्कलकुवा-धडगाव भागात चैत्र-वैशाखात घरोघर कैऱ्या सोलून, चिरून उन्हात घालतात, आणि त्यात मुलेही असतात. काही उत्साही मंडळींना हीसुद्धा बालमजुरी वाटते. शाळेला सुटी असते, आईजवळ बसून दोन तास कैऱ्या सोलायच्या. याला आम्ही हात लावणार नाही. मुलाने घरात काहीच करू नये असे कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही, आणि पटूही नये. आमचुरात सुधारणा हवी ती वाळवण्यात. खडकावर घातलेला आमचूर वळवाच्या एका सरीने काळा पडतो आणि निम्म्या भावाने जातो.

पाण्याविषयी थोडक्यात. एक संरक्षक पाणी मिळण्यावर रब्बीची भिस्त आहे, आणि त्याला मोठे धरण लागत नाही; शेततळे, नाल्यावरचा बंधारा, सामाईक विहीर पुरते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा हे काम आणि मजुरी एकत्र बांधण्याची सोय झाली होती. १९९० पासून फळबागही त्या हमीला जोडली गेली. पण अशी कामे होळीनंतर, गाव परतल्यावर सुरू झाली तर त्यांचा निम्मा उपयोग गेला. ती कार्तिकात, मुकादमाचा ट्रक यायच्या आत निघाली पाहिजेत. आणि जमिनीचा प्रश्न तर या सगळ्याच्या आधीचा. १९७२ साली शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली, अंबरसिंग सुरतवंतींसारखे कार्यकर्ते आणि श्रमिक संघटना उभी राहिली, ती आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी आणि सालदाराच्या मजुरीसाठी. १९७४ साली जमीन परत करण्याचा कायदा झाला, २००६ साली वनहक्काचा. ज्या दोन-तीन एकरांची आखणी आम्ही इथे करीत आहोत, ते एकर या भांडणांतून उरलेले किंवा मिळालेले आहेत. ज्याचा दावा अजून मंजूर नाही तो त्या जमिनीत विहीर खणील कशाला आणि कलम लावील कशाला?

ही बैठक घ्यायची केव्हा, असे विचाराल तर खानदेशाने त्याचे उत्तर ठेवलेले आहे. सालदाराचे साल आखाजीला बसते आणि आखाजीला फिटते. होळीला परतलेले गाव अक्षय्यतृतीयेला घरीच असते, पेरणीला महिना-दीड महिना असतो, शाळा उघडायची असते, आणि मुकादम अजून आलेला नसतो. त्या दिवसांत पाड्याने एकत्र बसून ठरवायचे ते एवढेच : मुगाचे बियाणे कोणाकडे आहे, रब्बीला किती घरे राहणार, गुराखी कोण आणि त्याला काय द्यायचे, बंधाऱ्याचे काम ग्रामसभेने कोणत्या महिन्यात मागायचे, आणि कोणत्या घरात या वर्षी लग्न आहे.